बोडीवरचे तीन मोह

राष्ट्राच्या आयुष्यात एखादा दिवस असा उगवतो की त्याच्या आधीचं सगळं अडाणीपण ठरतं आणि नंतरचं सगळं शहाणपण. एकोणीसशे सत्तावन्न सालच्या एप्रिलची पहिली तारीख हा तसा दिवस होता. त्या दिवसापासून रुपयाचे चौसष्ट पैसे मोडीत निघून शंभर नवे पैसे सुरू झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या आण्या-चवल्यांच्या चिखलात रुतलेला देश दशमान पद्धतीच्या पक्क्या सडकेला लागला.

कोसमगुड्यात त्या दिवशी देवाजी पाटलाची म्हैस विहिरीत पडली. सबंध गाव दोर घेऊन तिकडे धावलं. त्यामुळे देश सडकेला लागल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढे आलापल्लीच्या बाजारातून बातमी आली, तीही सुकट आणि मिठाबरोबर. सरकार म्हणजे काय हे गावाला मोघम ठाऊक होतं. ते आधी नागपूरला राहत असे. मागल्या दिवाळीत ते मुंबईला राहायला गेलं. बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी फुटतात, तसा या वेळी पैसा फुटला असेल, असं गायता सुकलूचं मत पडलं. सुकलू गावदेवाची पूजा करी, त्यामुळे त्याच्या मताला गावात किंमत होती.

ही बातमी बाजारात समक्ष पाहिली ती बुधूने. बुधूचं घर गावाच्या रानाकडच्या टोकाला. घरात तो, बायको सोमारी आणि आई धुरपता. धानाच्या दोन बांध्या होत्या, त्यांचं पिकलेलं होळीपर्यंत पुरे. होळीपासून पावसाळा लागेपर्यंत पोट चाले ते मोहफुलांवर. फुलं वाळवायची, भाजायची, उकडायची, खायची. उरतील ती बाजारात नेऊन मीठ आणि लुगडं आणायचं. हे मोह होते तीन, आणि तिन्ही देवाजी पाटलाच्या बोडीच्या पाळीवर उभे होते. ही बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं, बुधूच्या आज्याने खणली होती. तिची मातीची पाळ घालताना तो कमरेतून जो वाकला तो पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हाच्या पाटलाने मजुरी म्हणून पाळीवरचे तीन मोह त्याला दिले. कागद कोणी केला नाही. रीत घातली.

रीत अशी. पहिलं फूल टपकलं की पहाटे बुधूच्या घरच्यांनी म्हाताऱ्या मोहाच्या बुडाशी पळसाचं पान ठेवायचं. पानावर चिमूटभर तांदूळ आणि एक पैसा. पाटलाने तो पैसा उचलून कनवटीला लावायचा आणि फुलं वेचायची परवानगी म्हणून म्हणायचं, येचा. एवढं झालं की त्या सालापुरते तिन्ही मोह बुधूचे. पैशाहून जास्त ठेवायचं नाही, कारण मग ते विकत घेणं झालं, आणि देवाचं झाड कोणी विकत घेत नाही. कमी ठेवायचं नाही, कारण पैशाखाली काही नाहीच. आणि झाडाला सालात एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे पहिलं उत्तर खोटं धरणं.

या रीतीत धुरपताला एकच गोष्ट खुपायची. देवापुढची प्रत्येक वस्तू कोरी लागते. पान ताजं, तांदूळ त्या सालचा, द्रोण नवा. पैसा मात्र कुठून कुठून हिंडून आलेला असे. कोणाच्या कमरेला लागलेला, कोणाच्या दारूच्या गुत्त्यावर पडलेला. ती तो दरसाल चिंच आणि राखेने घासघास घासायची, आणि तरी तिचं पुरतं समाधान होत नसे.

बाजारात मिठाच्या दुकानी बुधूने नवा पैसा पाहिला तेव्हा त्याला पहिल्यांदा आईची आठवण झाली. लहानसा, लालभडक, नुकत्या जन्मलेल्या उंदराच्या पिलासारखा. कोणाचा हात लागलेला नाही. बुधूने आपला घोड्याचं चित्र असलेला जुना पैसा पुढे केला आणि त्याच्या बदल्यात हा देता का म्हणून विचारलं. दुकानदाराने एकदा बुधूकडे पाहिलं, एकदा घोड्याकडे पाहिलं आणि लगेच अदलाबदल केली. बाजारात बुधूशी कोणी घासाघीस केली नाही, असं हे पहिल्यांदाच घडलं. तो वाटभर खुशीत होता.

धुरपताने नाणं तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, हुंगलं. या साली घासायचं काम नाही, एवढंच म्हणाली. पण रात्री तिने ते देव्हाऱ्यात ठेवलं, तांदळात पुरून.

त्या साली मोह उशिरा टपकला. सोमारीने झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन काळी, साफ करून ठेवली होती. पहाटे अंधारात सगळे पाळीवर गेले. देवाजी पाटील घोंगडी पांघरून, खोकत खोकत आला. तो वाईट माणूस नव्हता. चांगलं असण्याची तसदी घ्यावी लागू नये एवढीच त्याची इच्छा असे. त्याने वाकून पानावरचा पैसा चाचपला, कनवटीला लावला, येचा म्हणाला आणि म्हशीची धार काढायची म्हणून परत गेला.

सोमारी खाली बसली. मोह वेचायचा म्हणजे उभ्याने वाकून भागत नाही. उकिडवं बसून, सरकत सरकत, दोन्ही हातांनी वेचावं लागतं. गुडघे दुखतात, मांड्या भरून येतात, बोटांना गोड चिकटा लागतो आणि त्यावर राख बसते. ऊन चढेपर्यंत दोन टोपल्या भरल्या. आईने अंगणात सारवून ठेवलं असेल, असं बुधू म्हणत होता, तेवढ्यात पाळीवरून पांढरं धोतर येताना दिसलं.

तो इसरू, देवाजीचा घरजावई. मराठी सातवी पास. घरजावयाला सासरी दोनच गोष्टींवर दिवस काढता येतात, काम किंवा शिक्षण. कामाची सवय नसल्यामुळे इसरू शिक्षणावर दिवस काढत होता, पण कोसमगुड्यात त्याला गिऱ्हाईक नव्हतं. दशमान पद्धत समजावणारी, आलापल्लीहून आणलेली जुनी वर्तमानपत्रं तो घरात मोठ्याने वाचून दाखवी आणि पाटलीण त्यांत लसूण सोलून ठेवी. आज सासऱ्याच्या कनवटीतून नवा पैसा जमिनीवर पडला, आणि इसरूचा दिवस उगवला.

त्याने सांगितलं ते बुधूला एका दमात कळलं नाही. रुपयाचे जुने पैसे चौसष्ट, नवे शंभर. म्हणजे नवा पैसा जुन्यापेक्षा लहान. म्हणजे बुधूने पैसा ठेवलेलाच नाही, पैशाचा तुकडा ठेवला आहे. रीत मोडली. रीत मोडली म्हणजे झाडं पाळीच्या मालकाकडे परत. या सालची आणि पुढचीही.

बुधूने विचारलं की मग घरी जाऊन जुना पैसा आणू का. इसरूने त्यालाच विचारलं की झाडाला दोनदा विचारतात का. रीत त्यालाच जास्त ठाऊक होती.

"टोपल्या उलट्या कर," इसरू म्हणाला.

सोमारीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बोडीतल्या पाण्याकडे पाहिलं. पाणी तळाला गेलं होतं. मग तिने स्वतःच एकेक टोपली उचलली आणि जिथून वेचलं होतं तिथेच फुलं ओतली. हाताला चिकटलेली दोन-चार तिने झटकली. इसरू तेवढा वेळ उभा होता. त्याला वाटलं होतं ती भांडेल, आणि त्याची तयारी झालेली होती. ती वाया गेल्यामुळे तो थोडा नाराज होऊन परतला.

संध्याकाळी सगळे देवाजीच्या ओसरीपुढे बसले. देवाजी जावयाच्या तोंडाकडे बघेना आणि बुधूच्याही. बराच वेळ म्हशीच्या गळ्यातली दोरी सारखी करत राहिला. मग हळूच म्हणाला,

"पैसा तं मी उचललो ना. येचा बी म्हटलो."

"अंधार होता मामाजी," इसरू म्हणाला.

"अंधार तं होता," देवाजीने कबूल केलं, आणि त्याचा मुद्दा तिथेच संपला. एकुलत्या लेकीचा नवरा होता. त्याला चारचौघांत खोटं पाडलं तर रात्री लेक जेवत नसे.

गायता सुकलूला बोलावलं. त्याने नाणं हातात घेऊन उलटंपालटं केलं. आपल्या उभ्या जन्मात देवाने असा प्रश्न घातला नाही, हा सरकारने घातलेला आहे, तेव्हा हा एकट्या गायत्याने सोडवण्यातला नाही, असं तो म्हणाला. चार गावचे पंच बोलवावे लागतील. तोवर दोघांवरही अन्याय नको म्हणून झाडांना कोणीच हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिन्ही मोहांभोवती राखेची रेघ ओढली. रेघ अगदी सारखी, गोल होती. सगळ्या गावाने तिची वाखाणणी केली.

पंच काही फळीवर ठेवलेले नसतात. कोणाच्या गावात लग्न होतं, कोणाच्या घरी दिवस होते. आणि मोह काही पंचांसाठी थांबत नाही. पहाटेचा गारवा सुटला की तो टपटप सुरू होई, आणि बुधूच्या झोपडीत तो ऐकू येई. सोमारीला त्या वेळी जाग यायचीच. ती उठून बसे, टोपलीला हात घाली आणि मग आठवून पुन्हा आडवी होई. वारा इकडचा असला तर घरभर वास भरे. बुधू म्हणे, दार लाव. दाराला फटी होत्या.

धुरपता सकाळी काठी टेकत पाळीवर जाऊन राखेच्या रेघेबाहेर बसू लागली. वेचायचं नव्हतं, फक्त गुरं आली तर हाकलायची. देवाचं फूल तुडवलं जाऊ नये एवढंच तिचं म्हणणं. इसरूने गायत्याकडे हरकत घेतली. जो राखतो तो मालकी सांगतो, असं कायद्यात आहे म्हणाला. गायत्याने कायदा पाहिलेला नव्हता, म्हणून त्याने तो मानला. म्हातारीला सांगण्यात आलं की बसायला मनाई नाही, हाकलायला आहे. तेव्हापासून ती काठी मांडीखाली घालून बसे. गुरं रेघ ओलांडून आत जात, फुलं खात, रवंथ करत तिच्यासमोरच बसत. देवाजीची म्हैस, जी विहिरीतून काढली होती ती, रोज पहिली येई. मोह खाऊन तिला गुंगी चढे आणि ती म्हातारीच्या अंगाला अंग लावून झोपे. रात्री अस्वल येई. अस्वलाने हरकत-नोटीस काही मानली नाही. रेघ विस्कटली की गायता सकाळी येऊन ती पुन्हा सारखी करी.

पाटलाच्या घरातलं कोणी वेचणार होतं, अशातली गोष्ट नव्हती. पाटलीण उकिडवी बसणाऱ्यांतली नव्हती, आणि इसरूला झाडं जिंकायची होती, फुलं नव्हे.

बुधू जंगल खात्याच्या बांबूतोडीला जाऊ लागला. सकाळी कुऱ्हाड घेऊन निघे, काळोखात येई, तळहाताला फोड. सोमारी कंद खणायला रानात जाई. त्या दिवसांत कंद खोल गेलेले असतात. हातभर खड्डा खणावा तेव्हा बोटाएवढं काही लागे. ते रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर घसा खाजतो. आणि ओढ्याला पाणी नव्हतं. घसे खाजत होते. धुरपता कमी बोलू लागली, ते त्यामुळेही असेल.

शेवटी पंच आले. सर्वांत वडील मंगरू. परगावचा, भरदार अंगाचा, आवाज असा की शेजारच्या बांधीतले बगळे उडावे. त्याला आसपासच्या चार गावांत मान होता, कारण तो कधी घाई करत नसे. चिंचेखाली बैठक बसली. मधोमध पळसाच्या पानावर तो नवा पैसा ठेवला. पंचांनी तो हातोहात फिरवला. एकाने दाताखाली धरून पाहिला. इसरूने उभं राहून दशमान पद्धत समजावली. जुना पैसा पाडायला सरकारला पैशाहून जास्त खर्च येतो, तांबं महाग झालं, विलायतेत असली खुर्दा नाणी कधीच बंद झाली, देशाला पुढे जायचं तर लहान नाण्याचा मोह सोडला पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

मंगरूला हे लागलं. तो म्हणाला, झाडाचं पुढे पाहू, आधी हे ठरू द्या की सरकारने जुना पैसा बंद करावा की नाही. हे मूळ आहे. मूळ सोडून फांदीला कोण हात घालतो.

मग मुळाला हात घातला गेला. एक पंच म्हणाला, बाजारात पैशाची तंबाखू मिळते; पैसा गेला तर दुकानदार दोन पैशांची घे म्हणेल. दुसरा म्हणाला, भोकाचा पैसा बंद केला तेव्हाच आपण बोलायला हवं होतं, पोरींच्या गळ्यातली माळ गेली. तिसऱ्याला झोप लागली होती. दुपार कलली तरी मूळ सुटेना. बुधू बाजूला मातीत बसून ऐकत होता. त्याच्या डोक्यावरून सरकार, तांबं, विलायत असं काय काय जात होतं. तेवढ्यात बोडीकडे माकडं किचकिचली. सगळ्या बैठकीत त्याला कळलेलं तेवढंच. मोहावर बसून ती कळ्या खात होती.

मंगरू शेवटी खाकरला.

"सरकारले लहान पैसा परवडत नाई म्हणतेत," तो म्हणाला, "मंग लहान माणूस कसा परवडते?"

झोपलेला पंच जागा झाला. हे वाक्य स्वतः मंगरूला इतकं आवडलं की त्याने ते जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा म्हटलं. जुना पैसा सरकारने बंद करू नये, असा ठराव एकमताने झाला. इसरूनेही हात वर केला, कारण सगळ्यांचे वर होते. सरकारला तो कोण कळवणार यावर चर्चा झाली नाही. झाडाची बाब उशीर झाल्यामुळे पुढच्या बैठकीवर गेली.

पंचांना जेवण घालायचं ते ज्याचं गाऱ्हाणं त्याने. त्या दिवशी बुधूच्या घरचा कोंबडा गेला. पंचांनी मोहाची दारू विचारली. यंदा मोह नाही म्हणून बुधूने सांगितलं. काऊन नाई, असं मंगरूने आश्चर्याने विचारलं, आणि मग त्याला आठवलं.

दुसऱ्या बैठकीला बकरी गेली. त्या बैठकीत लोहाराला बोलावून दुसरा नवा पैसा छिन्नीने कापावा आणि बुधूच्या पैशाला जोड द्यावी, असा तोडगा निघाला होता. इसरूने सरकारी नाणं कापणाऱ्याला तुरुंग आहे म्हटल्यावर लोहार लघवीला म्हणून गेला तो आला नाही.

तिसऱ्या बैठकीपर्यंत मोह सरला होता. झाडांना तांबूस पालवी फुटली होती. राखेच्या रेघेत आता काहीच पडत नव्हतं. वाळकी, तुडवलेली, मुंग्या लागलेली फुलं शेणात मिसळून काळी झाली होती. धुरपता पाळीवर जाणं बंद करून घरात भिंतीकडे तोंड करून निजे. घरात आता ढोलीत बियाण्याचं धान होतं, तेवढंच. ते कोणी खात नसतं. रोहिणी लागल्या की ते पेरायचं असतं.

"पंच येऊन राह्यले," बुधू म्हणाला. "का घालशील?"

सोमारीने मुसळ घेतलं, ढोलीचं तोंड फोडलं आणि कांडायला बसली. बुधू पाणी आणायला गेला.

त्या दिवशी मंगरू मोठ्या तयारीने आला होता. त्याला म्हणे रात्री एकाएकी उलगडलं. तो म्हणाला, नाणं लहान की मोठं हा सवाल नाही. सरकार रोज नाणं बदलेल, आज तांब्याचं, उद्या पत्र्याचं, परवा नुसता कागद दाखवेल. माणसाचा शब्द सरकार बदलू शकत नाही. देवाजीने पैसा उचलला. उचलला म्हणजे घेतला. घेतला म्हणजे दिलं. त्याने देवाजीला विचारलं, उचललास का? देवाजी म्हणाला, पहिल्या दिवसापासून मी तेच म्हणतो जी. मंगरूने हात वर करून त्याला थांबवलं. निवाड्याच्या मध्ये बोलायचं नसतं.

निवाडा झाला. तिन्ही मोह बुधूचे, यंदाचे आणि पुढचेही. इसरूने खाली मान घातली, पण फार नाही. अर्ज करायला वरची कचेरी आहे असं तो शेजारच्याला सांगत होता. गायत्याने जाऊन राखेची रेघ पायाने पुसली. लोक उठून बुधूच्या पाठीवर थापा मारू लागले. थापेसरशी तो थोडा हलायचा.

मग चिंचेखाली पत्रावळी पडल्या. मंगरू मध्ये बसला. अशा न्यायामुळेच गरिबाचा देवावरचा आणि माणसावरचा विश्वास टिकून आहे, असं तो पहिल्या घासाआधी म्हणाला. सरकारने आपल्याकडून हे शिकावं, असं दुसऱ्या घासानंतर म्हणाला. पंचांनी माना हलवल्या. भात पांढराशुभ्र, नव्या सालीतून काढलेला, वाफाळलेला होता. बियाण्याचा भात गोड लागतो. मंगरूने हे ओळखलं नाही, फक्त भाताचं कौतुक केलं आणि पत्रावळ पुढे सरकवली.

सोमारीने टोपलीतला भात त्याला वाढला. मग थांबली. टोपलीत पाहिलं, पुढच्या पंगतीकडे पाहिलं, आणि पदर सावरून त्याच्या कानाजवळ वाकली.

"मामा," ती म्हणाली, "थोडं उरू देजा. आमी अजून जेवलो नाई."